तुळशीला कोण शिवलं

आई, माझी जन्मदाती ती 'अगं आई' आणि तुम्ही 'अहो आई', एवढाच काय तो हाकेतला फरक होता. आजही 'अहो'च म्हणते आहे, सासूचा मान ठेवूनच लिहिते आहे, पण रागानं लिहिते आहे हे आधी सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की फोटोला हार घालताना माझं लक्षही नसतं. एकादशीला तुमच्या आवडीचं रताळं शिजतं, पक्षात तुमच्या तिथीला खीर होते, कशात कमी नाही. माझ्या मनात राग आहे हे मला माहीतही नव्हतं. मागच्या महिन्यात तुमच्या नातीचा फोन आला आणि तो वर आला.

तुमची नात आता चाळिशी ओलांडून पुढं गेली. गुडगावला उंच इमारतीत राहते, ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आहेत. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, तीन-चार महिने झाले, आलीच नाहीये. डॉक्टर म्हणाली, नॉर्मल आहे, पाळी जायची तयारी चाललीय." मी म्हटलं, ह्या वयात होतंच, नाचणीचं सत्त्व घेत जा, जागरणं कमी कर. ती हूं हूं करत होती. मग हसत हसत म्हणाली, "अच्छा, म्हणजे आता मी तुळस लावू शकते ना?" मला कळेना. म्हटलं, "आता म्हणजे?" तर म्हणाली, "अगं म्हणजे आता मरणार नाही ना ती माझ्या हातानं."

हसतच बोलली, पण मी तिची आई आहे. तिच्या घरी कढीपत्ता आहे, लिंबू आहे, मनीप्लांट तर छतापर्यंत गेलाय. नाही ती फक्त तुळस. मी किती वेळा म्हटलं, एक रोप नेऊन ठेव, सकाळी पाणी घालायला काय कष्ट आहेत. कधी म्हणायची ऊन येत नाही, कधी म्हणायची टूर असतात, कामवाली पाणी घालत नाही. मला वाटायचं, शिकली, कमावती झाली, देवाधर्माचं प्रेम उरलं नाही. एकदा तसं बोलूनही दाखवलं मी तिला. आज कळतं की तिची श्रद्धा माझ्यापेक्षा मोठी होती. तिनं तुळस घरात येऊ दिली नाही, कारण आपल्या अंगात असं काहीतरी आहे ज्यानं तुळस मरते, असं ती तेराव्या वर्षापासून धरून चालली होती. लग्न झालं, बाळंतपण झालं, तरी धरून चालली होती. आता मला सांगा आई, हे तिच्या डोक्यात कुणी घातलं?

आर. के. पुरमचं आपलं सरकारी क्वार्टर आठवा. तळमजला, मागं दोन खाटा मावतील एवढं अंगण. सासऱ्यांच्या माघारी गावाकडचं घर बंद करून तुम्ही साताऱ्याहून आमच्याकडं आलात, तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमधून बियांची गाठोडी आणली होती. दुधी, लाल भोपळा, घेवडा, आणि वेगळ्या चिंधीत तुळशीच्या मंजिऱ्या. शेजारणी मला म्हणायच्या, तेरी सास तो पूरा खेत ले आई. भाजीला मंडईत पाय टाकला नाही असे महिने गेले आपले, ते मी अजून लोकांना सांगते. सकाळी ऊन चढायच्या आत तुम्ही भोपळ्याच्या वेलाशी बसलेल्या आहात, आणि शेजारी फ्रॉक गुडघ्यांवर ओढून उकिडवी बसलीय तुमची नात, सहा-सात वर्षांची. तुम्ही एक फूल खुडता, पाकळ्या सोलता आणि तिला दाखवता. "हा बाप. ह्याच्या खाली काही नाही बघ, नुसता दांडा. आणि ही आई. हिच्या खाली आधीपासनंच एवढासा भोपळा बसलाय. पण बापाची धूळ लागली नाही तर पिवळा पडून गळणार." ती विचारते, "आणि लागली तर?" "लागली तर पोट वाढणार. माणसासारखंच असतंय सगळं, त्यात काय." मग ते सोललेलं फूल तुम्ही तिच्या हातात देता आणि ती श्वास रोखून ते दुसऱ्या फुलाच्या आत फिरवते. खिडकीतून मी पोळ्या लाटता लाटता ऐकते आहे. मला जराशी लाज वाटते आणि कौतुकही वाटतं. मी मॅट्रिक झालेली, फुलाचे भाग पाठ करून मार्क मिळवलेले, पण फूल असं उलगडून माझ्या हातात कुणी दिलं नव्हतं. तुम्ही माझ्या लेकीला दिलंत. त्यासाठी तुमचे पाय धरावेत असं तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं.

तुळशीचंही तसंच. रोज सकाळी नखानं मंजिऱ्या खुडताना तुम्ही सांगायचात, "बी भरलं की झाड म्हणतं, माझं काम झालं, आता मी चालले. खुडत राहिलं की म्हणतं, अजून राहिलंय. म्हणून खुडायचं." शाळेची पायरी न चढलेल्या तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, कुठलं झाड कधी फुलतं, कधी दमतं, कधी जातं, आणि जाताना मागं काय ठेवून जातं. माझ्या रागाचं मूळ ह्यातच आहे. ज्याला काहीच माहीत नसतं त्याच्यावर कोण रागावेल.

मग आपण द्वारकेला आलो. तेव्हा दिल्लीत सगळ्यांना नव्याचा सोस लागला होता. कुणी हप्त्यावर गाडी घेत होतं, कुणाकडं केबल आली, आणि आपण सोसायटीतला फ्लॅट घेतला आणि त्यात आर. के. पुरमचं सगळं जुनंच सामान मांडलं. मेट्रो नव्हती, दुकानं नव्हती, पाण्याचे टँकर यायचे. चौथा मजला, उत्तरेची बाल्कनी, समोर मोकळे प्लॉट, आणि त्यांच्यावरून अडवणूक नसलेला वारा थेट घरात. बाल्कनीत सिमेंटचं वृंदावन ठेवलं, तुम्ही तुळस हलवलीत, कार्तिकात थाटात लग्न लावलंत. आणि त्याच दिवाळीच्या आगेमागे पोरगी मोठी झाली.

मी न्हाणीघरात तिला कसं काय घ्यायचं ते दाखवत होते तेवढ्यात तुम्ही दाराशी आलात. म्हणालात, "कावळा शिवला गं तुला. आता चार दिवस कशाला शिवायचं नाही. देवाला नाही, लोणच्याला नाही, आणि तुळशीवर तर सावलीसुद्धा पाडायची नाही." दिल्लीत वाढलेलं पोर, ते बोलणं तिनं कधी ऐकलेलं नाही. ती घाबरून म्हणाली, "कौनसा कौवा, आजी? खिडकी तर बंद होती." आपण दोघी हसलो होतो. मी पुढं कितीतरी बायकांना हा किस्सा सांगून हसवलंय. आता हसू येत नाही. भोपळ्याला आई आणि बाप, आणि पोरीला कावळा. तिथंच बसून, त्याच तोंडानं, "माणसासारखंच असतंय सगळं" ह्या वाक्याचं दुसरं टोक तिला सांगता आलं असतं तुम्हाला. सांगितलं नाहीत.

त्या वर्षी पौषात धुकं पडलं ते आठवडा-आठवडा उठेना. शेजारच्या पंजाबी भाभींनी त्यांच्या तुळशीवर जुनी लाल चुनरी घातली आणि कठड्यावरून सांगितलं, "माताजी, आप भी ढक दो, पाला मार जाएगा." पाला म्हणजे त्यांच्या भाषेत गोठवणारी थंडी. तुम्ही मान हलवलीत आणि आत येऊन मला म्हणालात, "झाडाला कुंची घालतात ही माणसं. उद्या काजळ घालतील." मी म्हटलं, माझी जुनी ओढणी आहे, घालू का? तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं अख्खा जन्म तुळस उघड्यावर असते, ती कधी गारठली नाही." आणि संक्रांतीच्या आत ती काळी पडली. उकडलेल्या मेथीसारखी पानं लोंबायला लागली.

नव्या घरातलं ते पहिलं हळदीकुंकू. कॅन्टोन्मेंटमधून सुभेदारांच्या बायका आल्या होत्या, सोसायटीतल्या पुण्याकडच्या दोघी-तिघी होत्या. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होतात. तुम्हाला कुंकू नाही, नुसता तिळगूळ. मी हळदीचं तरी बोट लावू म्हणून हात पुढं केला तर तुम्ही कपाळ मागं घेतलंत. लेक आतल्या खोलीत होती, तिचे ते दिवस होते. एक सुभेदारीणबाई बाल्कनीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, काकू, तुळस वाळली की हो तुमची." त्यांनी सहज म्हटलं. तुम्ही सगळ्या बायकांसमोर म्हणालात, "वाळेल नाहीतर काय. आमच्या नातीला सांगितलेलं कळत नाही. तशीच गेली असेल बाल्कनीतले कपडे काढायला." मग आत हाक मारलीत, "ये गं बाहेर. ये. तुळशीची माफी माग." मी म्हटलं, "आई, राहू द्या." तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू वाण वाट."

ती आली. पायजमा, वरती माझ्या हातचा स्वेटर, कोपरात उसवलेला. भरजरी साड्या नेसलेल्या बायकांमधून ती बाल्कनीच्या दारापर्यंत गेली, आणि सावली पडू नये म्हणून लांबूनच त्या काळ्या काडीला हात जोडले. बायका आपापल्या हातातल्या तिळगुळाकडं बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "आमच्या सासूबाईपण असंच म्हणायच्या हो," आणि बारीक हसली. तेरा वर्षांच्या पोरीचे दिवस तुम्ही सगळ्या हळदीकुंकवाला वाटलेत, आई. वाण म्हणून वाटलेत.

मी हिशोब ठेवणारी बाई आहे. एका महिन्यात दोन नवे खर्च आले तर पैसा नेमका कशात गेला ते मी बघते, जो समोर दिसेल त्याच्यावर ढकलून मोकळी होत नाही. त्या वर्षी आपल्या घरात दोन गोष्टी नव्या होत्या, उत्तरेची बाल्कनी आणि पोरीची पाळी. क्वार्टरमध्ये तुळस स्वैपाकघराच्या भिंतीला टेकून होती, दुपारभर ऊन खायची, म्हणून तगायची. तुम्ही बाल्कनीकडं बघितलंच नाही. बाल्कनीला हात जोडायला लावता येत नाही म्हणून असेल.

पुढं काय झालं ते तुम्हाला मी धड सांगितलं नव्हतं, आज सांगते. त्यानंतर दोन महिने तिला पाळी आली नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला एवढंच दिसायचं की पोरगी शाळेच्या आधी लवकर उठते. एका सकाळी दूध घ्यायला उठले तर ही बाल्कनीत अनवाणी, त्या वाळक्या काडीभोवती फेऱ्या मारतेय. फरशी अजून गारच. मी म्हटलं, "काय चाललंय?" म्हणाली, "माफी मागतेय." "अजून?" तर तिनं फेरी थांबवली. म्हणाली, "आई, माझी बंद झाली. तुळस वाळली ना, म्हणून मी पण वाळले का?"

मी तिला त्याच दिवशी आर. के. पुरमच्या आपल्या जुन्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या केरळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "बेटा, शुरू के एक-दो साल ऐसा ही होता है. शरीर अभी सीख रहा है." आणि मग कागदावर चित्र काढून मला आणि तिला, दोघींना बरोबर, सगळं समजावलं. शरीर दर महिन्याला आत अंथरूण घालून ठेवतं, कुणी येणार असेल म्हणून. कुणी आलं नाही की ते काढून टाकतं आणि नवं घालायला घेतं. एवढंच आहे. एका लेकीची आई होते मी, आणि हे मला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "डॉक्टरीणबाईंना काय कळतंय तुळशीतलं." शिळं अंथरूण काढून टाकणाऱ्या बाईला आपण स्वच्छ म्हणतो, आई. मग तेच शरीरानं केलं की विटाळ कसा, हे मी त्या दिवसापासून रोज पूजेला बसताना देवाला विचारते. देव रागावलेला मला तरी दिसला नाही.

त्यानंतर दरवर्षी तेच. फाल्गुनात त्याच कुंडीत सांडलेल्या बियांतून रोपं वर यायची, पावसाळ्यात झाड डेरेदार व्हायचं, आणि थंडीत काळं पडलं की तुमची नजर पोरीच्या खोलीकडं जायची. तोंडानं तुम्ही बोलत नव्हतात, पण नजर जायची. ती कपडे काढायला बाल्कनीत जायची बंदच झाली, महिन्याचे सगळेच दिवस.

पण तुमच्यावरचा खरा राग ह्या कशाचाच नाही. ती दहावी होऊन पुण्याला माझ्या भावाकडं शिकायला गेली, तो हिवाळा. माझी पिशवी काढली होती, मी पलंगावर. घरात तुम्ही, मी आणि हे. विटाळ होईल असं घरात कुणी उरलंच नव्हतं. आणि तुळस वाळली. सकाळी तुम्ही वृंदावनातून त्या काड्या उपटल्यात, आत आलात, माझ्या उशाशी चहा ठेवलात आणि म्हणालात, "यंदा थंडी फारच पडली गं. टिकली नाही."

मी तुमच्याकडं बघत राहिले. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. चहात साखर बरोबर होती. म्हणजे थंडी तुम्हाला माहीत होती. थंडीनं झाड जातं हे तुम्हाला पहिल्या वर्षीही माहीत असणार, चाळीस वर्षं शेती केलेल्या बाईला ते माहीत नसेल कसं. पण पोरगी होती तोवर थंडीची गरज नव्हती. माझे टाके ताजे होते, उठून बसणंही होत नव्हतं, म्हणून त्या दिवशी बोलले नाही. मग बरी झाले तेव्हा म्हटलं, जाऊ दे. आणि मग तुम्हीच गेलात. तुम्ही नवरा गेल्यावर परक्या शहरात आलात, कपाळ कोरं, भाषा येईना, घर सुनेचं. त्या घरात तुमचं म्हणावं असं एकच होतं, ते वृंदावन, आणि ते वाळलं तर तुमच्या हातून वाळलं असं कुणी म्हणायला नको होतं. हे मला समजतं. पण समजलं म्हणून राग गेला नाही, आणि जायला पाहिजे असंही मला वाटत नाही. तुम्ही एकदा तरी पुण्याला फोन लावून त्या पोरीला ते एक वाक्य सांगायचं होतंत, थंडीचं. तुमच्या तोंडून तिनं ते मानलं असतं. भोपळ्याचं मानलं होतं तसं.

आता ह्या महिन्याचं सांगते. त्या फोननंतर थोड्या दिवसांनी तिचा परत फोन. "आई, आली गं परत. राहू दे तुळस, पुढं बघू." मी विचारलं, "कधी आली?" म्हणाली, "काल." मी म्हटलं, "मग राहू दे नाही, मी आजच येते." "आई, आज नको." "आजच." वृंदावनात ह्या फाल्गुनात उगवलेलं एक रोप मातीसकट दह्याच्या डब्यात घेतलं आणि मेट्रोनं गेले. मेट्रोत बायका सरकून जागा देत होत्या, एकीनं तर रोपालाच नमस्कार केला.

तिनं दार उघडलं, रोप बघितलं आणि दोन पावलं मागं सरली. एवढी मोठी बाई. मी बाल्कनीत कुंडी पुढं ओढली, माती मोकळी केली आणि म्हटलं, "लाव." ती दारातच उभी. म्हणाली, "तू लाव ना, मी पाणी घालीन. नंतर. चार दिवसांनी." मी म्हटलं, "मी लावायला आलेले नाही. तू लावायची." "आई, तू स्वतः एवढं सोवळं पाळतेस." "माझं सोवळं माझ्यापाशी. तू हात घाल." मग मी तिला तुमच्या चहाची गोष्ट सांगितली, थंडीची, जशी घडली तशी. ऐकून ती दारातून कुंडीपाशी आली. मग म्हणाली, "आजीला माहीत होतं?" मी म्हटलं, "होतं." तिनं बाही वर सरकवली, खाली बसली, दोन्ही हातांनी रोप उचललं आणि मातीत ठेवलं. बोटांनी भोवतीनं माती दाबली. तिला येत होतं सगळं, तुम्हीच तर शिकवलेलं. हात धुतले नाहीत तिनं लगेच. मातीचे हात मांडीवर उघडे ठेवून तशीच बसून राहिली.

एवढं तुम्हाला कळावं असं वाटलं म्हणून लिहायला बसले. पण एक गोष्ट राहिली, आणि तिच्यामुळं हे तुमच्या फोटोपुढंसुद्धा मी ठेवणार नाही, देवघरातल्या पोथ्यांच्या खाली दडवून ठेवीन. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाली, पूजा झाली, आणि चहा टाकायच्या आधी मी लेकीला फोन लावला. ऑफिसची घाई होती तिची. मी विचारलं, "पानं कशी आहेत गं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हिरवी आहेत, आई." माझा जीव भांड्यात पडला. तो पडायला नको होता, हे मला तेव्हाच कळलं, पण पडला.